कर्जाच्या घरात काटकसर कोणी करावी?

(ब्रह्मपुरी तालुक्यातील एका गावी, धानाची चुरणी आटोपल्यावर शाळेच्या आवारात भरलेल्या सभेत एका शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



काटकसर करा, हा उपदेश आपल्या लोकांस नवा नाही. ज्याच्या घरी दोन वेळ पोटभर जेवण होते त्याने, ज्याच्या घरी ते होत नाही त्यास काटकसर शिकवावी, ही रीत फार जुनी आहे. सावकार शिकवितो, बँकेचा साहेब शिकवितो, मते मागावयास आलेला पुढारी शिकवितो. आणि आज मास्तरही तेच शिकवावयास उभे राहिले, असे तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल, तर आम्ही त्यास दोष देणार नाही. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, तुम्ही उधळे आहात म्हणून कर्जबाजारी झालात, असे आमचे म्हणणे नाही. तसे म्हणणारे पूर्वीही होते आणि त्यांस उत्तरही पूर्वीच मिळालेले आहे.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर उठले. पुढे हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत गेले. लोकांनी बहुतेक ठिकाणी सावकारांचे जीव घेतले नाहीत. त्यांनी मागितली ती कर्जरोख्यांची कागदपत्रे, आणि ती जाळली. इंग्रज सरकारने चौकशीकरिता कमिशन नेमले. त्या काळच्या शहरी विद्वानांचे ठरलेले मत असे होते की, कुणबी पोराबाळांच्या लग्नांत पैसा उडवितो आणि मग रडत बसतो. कमिशनने गावोगाव पाहणी केली, तेव्हा निराळेच निघाले. लग्नखर्चास वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे. पोटास धान्य, बी-बियाणे, बैल आणि सरकारसारा यांकरिता वारंवार घ्याव्या लागणाऱ्या लहानसहान रकमांनीच रयतेचे कर्ज फुगते, असे त्यांनी नोंदविले. त्यातून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा आला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात याच आरोपाचा समाचार घेतला आहे आणि कुणब्याच्या लग्नातला थाट खरोखर केवढा असतो हे उघडे करून दाखविले आहे.

हे सर्व सांगण्याचे कारण इतकेच की, त्या कमिशनचे म्हणणे आमच्या गावास आजही लागू पडते. कर्ज एका दिवसात येत नाही. ते दहा-वीस रुपयांच्या पुडीने येते, दुकानदाराच्या वहीतून येते, महिन्याच्या व्याजाने येते. तेव्हा ते काढावयाचे तर त्याच वाटेने काढावे लागेल. मात्र काढावयास कोणी लागावे, हा खरा प्रश्न आहे. आणि आजचे आमचे बोलणे मुख्यतः त्याविषयी आहे. कारण कर्ज झाले की घरात पहिली काटकसर कोणाच्या ताटात होते, हे आम्ही शाळेत बसून रोज पाहतो.

परंतु त्याआधी व्याजाचे बोलू. कर्जाच्या घरातील सर्वांत मोठा खर्च चहा-साखरेचा नसतो, व्याजाचा असतो. आणि तो खर्च आहे असे कोणास वाटतच नाही. सावकार म्हणतो, "फक्त पाच टक्के." हे पाच टक्के महिन्याचे असतात. वर्षाचे साठ झाले. पन्नास हजार उचलले तर महिन्यास अडीच हजार आणि वर्षास तीस हजार रुपये व्याज. मुद्दल जेथल्या तेथे. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा सरकारी हमीभाव क्विंटलास २,३६९ रुपये ठरला. म्हणजे त्या एका कर्जाच्या नुसत्या व्याजापायी साडेबारा क्विंटलांहून अधिक धान दरसाल सावकाराच्या दारी जाते. तुम्ही सकाळच्या चहातील साखर तोडून वर्षास फार तर दोन-तीन हजार वाचवाल. मग आधी हात कोठे घालावा?

आपल्या आजोबा-पणजोबांच्या वेळी मालगुजार बियाण्यास धान देई आणि पीक निघाल्यावर सवाई-दिढीने परत घेई. १९५१ साली मालगुजारी गेली. तलावांस तेवढे मालगुजारी तलाव, मामा तलाव, हे नाव राहिले. पण दिढी गेली नाही, तिने वेष पालटला. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या नागभीड तालुक्यातील एका शेतकऱ्याची कहाणी देशभरच्या वर्तमानपत्रांत आली, ती तुम्ही ऐकलीच आहे. एक लाखाचे कर्ज व्याजावर व्याज चढून ७४ लाखांवर नेले, आणि ते फेडण्याकरिता कंबोडियात जाऊन स्वतःचे मूत्रपिंड विकावे लागले, अशी त्याची तक्रार होती. ब्रह्मपुरीच्या पोलिसांनी सावकारी करणाऱ्यांस त्या प्रकरणात अटक केली. न्यायाचे काम न्यायालय करील. आम्हांस त्यातून एवढेच दाखवावयाचे आहे की, असल्या व्याजापुढे घरातील कोणतीही काटकसर पुरी पडणार नाही. पोट बांधून वाचविलेले रुपये ज्या भांड्यात टाकावयाचे त्यास बूडच नसेल, तर भरेल काय?

आता कायदा ऐका. हा कायदा तुमचा आहे आणि तो माहीत नसल्यानेच तुमचे नुकसान होते. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानेदार सावकारासही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षास शेकडा ९ आणि विनातारण कर्जावर वर्षास शेकडा १२ याहून अधिक घेता येत नाही. शेतकरी नसलेल्यांकरिता, म्हणजे आमच्या सुतार, कुंभार, कोष्टी बांधवांकरिता, हेच दर १५ व १८ आहेत. व्याजावर व्याज लावता येत नाही. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. सावकारीच्या व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल, तर पंधरा वर्षांच्या आत अर्ज करून चौकशीअंती ती परत मिळू शकते. हा अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयामार्फत करावयाचा असतो. मघाचे पन्नास हजार घ्या. शेकडा १२ ने त्याचे वर्षाचे व्याज सहा हजार होते. तुम्ही देता तीस हजार. जे चोवीस हजार वर जातात, त्यांस आम्ही कर्ज म्हणत नाही.

कोणी म्हणेल, "गुरुजी, कायदा खरा, पण अडल्या वेळी रातोरात पैसा सावकारच देतो. त्याच्याशी वैर करून उद्या कोणाकडे जावे?" हे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच एकट्याने जाऊ नये. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३३ साली कर्जलवादाचा कायदा झाला, त्यामागे पंजाबराव देशमुखांचे परिश्रम होते. ऋणको व धनको समोरासमोर बसवून, मुद्दल किती, आजवर दिले किती, वाजवी राहिले किती, हे लवादाने ठरवावयाचे, अशी त्याची कल्पना होती. ते लवाद आता नाहीत. पण चार माणसे घेऊन, हिशेबाची वही हातात धरून सावकाराच्या ओसरीवर बसण्यास आजही कोणाची मनाई नाही. ज्याच्या हाती वही असते त्याच्याशी बोलताना सावकाराचा आवाज खाली येतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही किंवा अंगठा करू नये, हे शंभर वेळा सांगितले तरी कमीच.

दुसरे असे की, स्वस्त कर्ज हातचे सोडू नका. सोसायटीचे वा बँकेचे पीककर्ज तीन लाखांपर्यंत, मुदतीत भरणा केल्यास, केंद्र व राज्य सरकारच्या सवलती मिळून शेतकऱ्यास बिनव्याजी पडते. आमचा कास्तकार काय करतो? सावकार दारात येऊन बसतो म्हणून धानाचे पैसे आले की आधी त्यास देतो आणि सोसायटीची मुदत चुकवितो. मुदत चुकली की सवलत गेली, पुढचे कर्ज अडले, आणि जूनमध्ये बियाण्याकरिता पुन्हा त्याच ओसरीवर. सोसायटी मुकी असते, ओरडत नाही. म्हणून तिला मागे टाकू नये. बायांच्या गटांचेही तसेच. उमेदच्या गटामार्फत बँकेचे स्वस्त कर्ज मिळते ते निराळे, आणि आठवड्याच्या हप्त्यावर कंपन्या देतात ते निराळे. दुसऱ्याचे व्याज वर्षास शेकडा वीस-पंचवीस पडते. दोन्हींना आपण "गटाचे लोन" म्हणतो आणि तेथेच फसतो. एका कंपनीचा हप्ता भरावयास दुसरीचे कर्ज काढू नये. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे की, लहान उत्पन्नाच्या घरास असले कर्ज देताना त्या घराचे सर्व हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. हप्ता मागावयास येणाऱ्या साहेबास हा नियम विचारा. त्यास तो ठाऊक असतो.

बरे, आता घरात शिरू.

घरात शिरण्याआधी पानठेला लागतो, तेव्हा तेथेच थोडे थांबू. खर्रा हा आपल्या भागाचा जणू दागिना होऊन बसला आहे. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून द्यावयाचा आणि दिवसभर गालात धरावयाचा. एक वीस रुपयांचा धरा. पुष्कळ ठिकाणी त्याहून महाग मिळतो. दिवसास तीन खाणारा माणूस फार खातो असे कोणी म्हणत नाही. साठ रुपये रोज, वर्षास २१,९०० रुपये. हमीभावाने नऊ क्विंटलांहून अधिक धान झाले. रोवण्याच्या चिखलात वाकून बायकोने लावलेले, चुरण्याच्या खळ्यावर पोरांनी राखलेले नऊ क्विंटल धान एका माणसाने वर्षभरात थुंकून टाकले. आणि घरात बाप व दोन मुलगे तिघे खाणारे असतील तर हिशेब तुम्हीच करा. आमच्या चौथीच्या वर्गास आम्ही हे गणित घातले होते आणि उत्तर काढून मुले एकमेकांकडे पाहत राहिली.

एक वृद्ध कास्तकार आम्हांस म्हणाले, "गुरुजी, खर्रा नसला त बांधीत हात चालत नाही." आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. सवय एका दिवसात सुटत नाही, आणि ज्याची पाठ ऊन-पावसात मोडते त्यास थोडा आधार लागतो, हेही खरे. आम्ही इतकेच विचारले की, काका, तीनचा एक झाला तर? दोन खर्रे सुटले तर वर्षास १४,६०० रुपये राहतात. मघाचे पन्नास हजार कायद्याच्या दराने आणवून घेतले आणि हे १४,६०० त्यात दरसाल भरत गेले, तर पाचव्या वर्षी ते कर्ज संपते. कर्करोगाचे आम्ही बोलतच नाही. तोंड उघडेनासे झालेले तरणे जवान आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या घरचा दवाखान्याचा खर्च विचारून पाहा.

दारूचेही येथेच उरकून घेऊ. २०१० साली बाया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी गेल्या. त्या चळवळीतून १ एप्रिल २०१५ पासून आपल्या जिल्ह्यात दारूबंदी आली आणि २०२१ साली ती उठविली गेली. बंदी असावी की नसावी यावर शहाणे लोक भांडोत. चोरटी दारू बंदीतही मिळत होती, हे कोण नाकारतो? परंतु इतक्या बाया लेकरे कडेवर घेऊन एवढे अंतर का चालल्या, ह्याचे उत्तर ज्या त्या घरात आहे. नवरा पितो तो पैसा घरखर्चाच्या यादीत कधीच नसतो. यादीत तेल, मीठ, वह्या असतात. आणि काटकसर होते ती यादीत असलेल्या वस्तूंची.

किराणा दुकानाकडे वळू. उधारीचा माल नगदीहून महाग पडतो. कोठे किलोमागे दहा रुपये उघड वाढलेले असतात, कोठे भाव तोच पण माल हलका, कोठे वहीत एकाचे दोन होतात. आणि उधारीवाल्यास तोंड वर करून भाव विचारता येत नाही, हे सर्वांत वाईट. दुकानदार बिचारा तरी काय करील? त्यालाही ठोक व्यापाऱ्याची उधारी असतेच. म्हणून त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, वाट बदलावी. धानाचे पैसे येतील त्या आठवड्यात तेल, डाळ, मीठ, साबण, हळद-मिरची हा तीन महिन्यांचा माल एकदम नगदी घ्यावा. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांनी माल घेणे बंद करावे. चहाची लहान पुडी आणि पाव किलोचा पुडा यांची किंमत ग्रॅमवारीने काढून पाहा. भागाकार येत नसेल तर घरातील पोरास विचारा, त्याकरिताच ते शाळेत येते. चार घरे मिळून तेलाचा एक डबा घेतला तर आणखी थोडे सुटतात. हे सर्व लहान आहे हे आम्हांस कळते. पण लहानसहान रकमांनीच कर्ज फुगते, हे मघाशी पाहिले ना?

आमच्या कारागीर बांधवांचे दुखणे याहून दुहेरी आहे. सुताराने कास्तकाराच्या घरची चौकट बसविली, पैसे "धान निघाल्यावर". लोहाराने विळे पाजळले, पैसे "पुढच्या बाजारी". स्वतःचे श्रम बिनव्याजी उधार द्यावयाचे आणि स्वतःचा किराणा व्याजी उधार आणावयाचा, असा हा धंदा आहे. कोष्ट्यास सुताची उचल देणारा व्यापारी कापडाचा भाव आपल्याच मनाने ठरवितो. तेव्हा कास्तकारांस आमची विनंती आहे की, तुमच्या वहीत सावकाराच्या बरोबरीने सुताराचे नाव लिहा. त्याचे पाचशे तुम्ही सहा महिने ठेवता, तेव्हा त्याच्या घरी तुम्हीच सावकार झालात. आणि कारागिरांनी निम्मी मजुरी आधी घेतल्याशिवाय लाकडास रंधा लावू नये. चार गिऱ्हाइके कुरकुर करतील, पण कामाची गरज त्यांसही आहे.

सणासमारंभांचे फार लांबवीत नाही. सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिले लग्न भटावाचून लागले. आपल्याच तालुक्यातील अड्याळ टेकडीवर ज्या ग्रामगीतेचे काम चालते, ती लिहिणाऱ्या तुकडोजी महाराजांनीही लग्नातल्या डामडौलास नावे ठेवली आहेत. इतक्या लोकांनी इतकी वर्षे सांगून, भटाची दक्षिणा कोठे कोठे कमी झाली आणि तिच्या दहापट पैसा डीजे व मंडपवाल्यास जाऊ लागला, ही मात्र मौज आहे. मुलीच्या लग्नास कर्ज काढावयाचेच असेल तर ते जेवणाच्या पंगतीपुरते काढावे, आवाजाकरिता काढू नये. दिवाळीनंतरच्या मंडईविषयी मात्र आम्ही कठोर बोलणार नाही. पाहुणे येतात, कोंबडे कापले जाते, रात्री वडशाच्या मंडळीचे नाटक असते. वर्षभर राबणाऱ्या माणसास तेवढे हवे. आपल्या गावची मंडई करावी, नाटक पाहावे, रडावे, हसावे. तेवढे पुष्कळ झाले. पाच गावच्या मंडया आणि पाच रात्रींची तिकिटे मात्र उधारीवर होऊ नयेत.

आता मुख्य गोष्ट. घरात कर्ज झाले आणि घरधन्याने "खर्च कमी करा" म्हटले, की काय होते? खर्रा राहतो, मोटारसायकलीचे पेट्रोल राहते, मोबाईलचा हप्ता राहतो. कमी होते ती वरणातील डाळ. मग अंडे बंद होते, मग दूध. बाई सर्वांस वाढून शेवटी बसते, तेव्हा भांड्यात भात व मिरचीचे पाणी उरते. तिने तक्रार केली नाही म्हणजे काटकसर साधली असे घर समजते. २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. हे रक्त गेले कोठे? आम्ही म्हणतो, पुष्कळसे व्याजात गेले. आणि अशी बाई रोवण्याच्या दिवसांत चक्कर येऊन बांधीत बसली की तिची मजुरी बुडते, दवाखाना लागतो, आणि त्याकरिता पुन्हा पाच टक्क्यांची उचल होते. ताटातून वाचविलेला रुपया असा दुपटीने जातो. म्हणून आम्ही सांगतो की, कर्जाच्या घराने डाळ, तेल, अंडी आणि भाजी यांस हात लावू नये. लावावयाचा असेल तर तो सर्वांत शेवटी, आणि घरधन्याच्या ताटापासून.

डाळीचा पैसा वाचविण्याची खरी वाट बांधीच्या धुऱ्यावर आहे. धुऱ्यावर तूर लावण्याची आणि धान निघता निघता ओलीवर लाखोळी, जवस, मूग फेकण्याची रीत आपल्या म्हाताऱ्यांची आहे. जेथे धुरे उघडे पडले आहेत तेथे पुन्हा तूर लावा. लाखोळी चांगली, पण रोज तीच एक खाऊ नये, त्याने पाय लुळे पडतात. तुरीबरोबर, मुगाबरोबर आलटून पालटून खावी. घरामागच्या वाडीत भेंडी, वांगी, पालक आणि एक शेवग्याचे झाड असले म्हणजे बाजारची पिशवी निम्मी हलकी होते.

दुसरी एक काटकसर आम्हांस ऐकावयासही भय वाटते. "सिलिंडर महाग झाला, जंगलातून काड्या आणा." आणणार कोण? बाईच. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडावयास गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या तोंडी गेल्या. आपल्या ब्रह्मपुरी वनविभागात किती वाघ आहेत हे तुम्हांस मास्तराने सांगावयास नको. तेंदूपत्ता आणि मोहफूल ही मिळकत आहे, त्याकरिता जावेच लागते, ते जमावाने व उजेडी जावे. परंतु चार दिवसांचा गॅस वाचविण्याकरिता एकट्या बाईस पहाटेच्या अंधारात जंगलात धाडणे, याला काटकसर म्हणावयास आमची जीभ वळत नाही. घरातील पुरुष पानठेल्यावर जातो आणि बाई वाघाच्या वाटेने जाते, हे न्यायाचे आहे काय? तेंदूपत्त्याचा पैसा हाती येईल त्या दिवशी तो बियाणे व खताकरिता बाजूस ठेवावा, म्हणजे जूनची उचल तेवढी टळेल. आणि तो पैसा ज्या हातांनी पाने तोडली त्यांच्याच खात्यात राहावा.

शाळेविषयीही दोन शब्द. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आता २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण देशभर मुलांचा हक्क झाला आहे. सरकारी शाळेत पुस्तके व दुपारचे जेवण मिळते. ज्यास झेपते त्याने मुलास कोठेही घालावे; परंतु शेजाऱ्याचा पोरगा टाय बांधून कॉन्व्हेंटच्या गाडीत बसतो म्हणून सावकाराच्या पैशाने आपला पोरगा बसवू नये. तो पैसा आमच्या शाळेत येऊन आमच्या डोक्यावर बसण्यात खर्च करा. मास्तर वेळेवर येतात काय, मुलास वाचता येते काय, हे विचारा. त्यास फी लागत नाही. आणि कर्ज झाले म्हणून मुलीस आठवीनंतर घरी बसवू नका. मुलास सायकल आणि मुलीस चूल, ही वाटणी कर्जाच्या घरात फार झपाट्याने होते.

आता करावयाचे काय ते सांगतो. आजच्या आज एक वही घाला. पहिल्या पानावर घराची सर्व कर्जे लिहा, लपविलेलीही लिहा. नवऱ्याने बायकोपासून व बायकोने नवऱ्यापासून लपविलेली कर्जे हल्ली प्रत्येक घरात एखादे तरी आहे. प्रत्येकापुढे मुद्दल, महिन्याचे व्याज आणि आजवर दिलेली रक्कम मांडा. ज्याचे व्याज सर्वांत जड, त्यास खूण करा. दुसऱ्या पानापासून रोजचा खर्च लिहावयाचा, आणि तो घरातील पुरुषाचा आधी. तीस दिवस काहीच तोडू नका, नुसते लिहा. तीस दिवसांनी ती वही सर्वांनी मिळून, बाईमाणसांस आणि मोठ्या मुलांस बसवून, वाचावी. कोणता खर्च जावा ते त्या बैठकीत ठरावे, एकट्या घरधन्याच्या हुकमाने नव्हे.

धानाचे पैसे खात्यात पडले की त्याच दिवशी वाटणी करावी. आधी सोसायटीचा भरणा. मग तीन महिन्यांचा किराणा. मग पुढच्या बियाण्याची रक्कम बाईच्या खात्यात. मग जड व्याजाच्या कर्जाचे मुद्दल, पावती घेऊन. त्यानंतर उरेल त्यात सणवार. हा क्रम सर्व घरांस जसाच्या तसा बसेल असे नाही. ज्याची बांधी रानडुकरांनी उकरून टाकली, ज्याच्या तलावात गाळ भरून पाणी दिवाळीपर्यंतही टिकले नाही, त्याच्या घरी वाटावयास उरतेच काय? अशा घरास वहीने भाकर मिळणार नाही. त्यास नुकसानीची भरपाई, तलावाचा गाळ काढणे, धानास भाव, हेच हवे, आणि ते गावाने मिळून मागावयाचे आहे. परंतु मागावयास जाताना देखील हातात वही असली तर बोलणे निराळे होते.

येत्या शनिवारपासून दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही येथेच बसणार आहो. सावकाराची चिठ्ठी, गटाचे कार्ड, सोसायटीचा उतारा, मोबाईलवर आलेला हप्त्याचा निरोप, जे असेल ते घेऊन या. ज्यांस वाचता येत नाही त्यांचे सातवी-आठवीची मुले वाचून दाखवितील, आणि कोणाच्या कागदातील गोष्ट या भिंतीबाहेर जाणार नाही, एवढे आम्ही त्यांच्याकडून वदवून घेतले आहे. बाया वेगळ्या बसावयाचे म्हणत असतील तर पलीकडची खोली उघडी ठेवू. वही दहा-वीस रुपयांस मिळते. ज्यास तेवढेही जड असेल त्याने एका खर्‍र्याच्या पैशात आणावी.